ताऱ्याला शेपूट कसं फुटलं?

मुलांनो, मागच्या हिवाळ्यात मी एका मुलीला चुकीचं ठरवलं. सगळ्या रांगेसमोर. ती बरोबर होती आणि चूक माझी होती, हे मला त्याच रात्री कळलं. पण तोवर ती घरी जाऊन झोपली होती. आज तीच गोष्ट सांगते, आणि ती सांगता सांगता दुर्बीण कशी जुळवायची तेही सांगते.

आमची शाळा सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यातली. शाळेला गावातल्याच एका माजी विद्यार्थ्यानं एक दुर्बीण भेट दिली आहे. पुढचं भिंग ८० मिलिमीटर रुंदीचं, नळी जवळजवळ मीटरभर लांब. माझी धाकटी बहीण मिरज तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. ती म्हणाली, "ताई, आमच्या पोरांना पण गुरू दाखव की गं एकदा." मी लगेच तयार झाले. दुर्बीण गोधडीत गुंडाळली आणि कोरेगाव स्टेशनवर गाडीत बसले.

गोधडीला दोरी बांधायची मात्र राहिली. रहिमतपूर गेलं, मसूर गेलं आणि कराडजवळ वरच्या फळीवरून आमची दुर्बीण धाडकन खाली आली. गंमत बघा, कराडचं स्टेशन आहे ओगलेवाडीत. म्हणजे जिथं ओगल्यांचा १९१६ सालचा काच कारखाना होता आणि जिथले प्रभाकर कंदील एके काळी घरोघर लटकत, त्याच काचेच्या गावात माझी काच पडली! मी घाईघाईनं झाकण काढून पाहिलं. भिंगाला साधा ओरखडाही नव्हता. हुश्श केलं आणि झाकण परत लावलं. भिंग फुटलं नाही म्हणजे दुर्बीण ठीक आहे, असं मी धरून चालले. इथंच मी फसले.

संध्याकाळी शाळेच्या मैदानात साठेक मुलं, त्यांचे आईवडील आणि दोन-तीन आजोबा जमले. गुरू छान वर आला होता. एकेकानं यायचं, एक डोळा मिटून नेत्रिकेत बघायचं, "दिसला, दिसला!" म्हणायचं आणि पुढं जायचं, असं चाललं होतं. चौथीतली एक मुलगी आली. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली,

"बाई, ह्याला शेपूट हाय."

मी म्हटलं, "गुरूला शेपूट नसतं बाळ. डोळा नीट लाव."

तिनं परत बघितलं. "हाय बाई. त्या बारक्या ठिपक्यांना बी हाय. समद्यांना एकाच अंगाला."

मागं रांग खोळंबली होती. पोरं हसायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "बरं, उद्या परत बघ हं," आणि तिला बाजूला केलं. ती काही न बोलता गेली.

सगळे गेल्यावर दुर्बीण आवरायच्या आधी मी स्वतः नीट बघितलं. गुरूचे चारही मोठे चंद्र रेघेत होते आणि प्रत्येकाला एकाच बाजूला फिकट, पिसासारखं शेपूट होतं. गुरूची कडही त्या बाजूला पुसट. मी दुर्बीण रोहिणीकडे वळवली. रोहिणी म्हणजे चक्क छोटा धूमकेतू! साठ जणांनी बघितलं होतं. एकटीनं, जे दिसलं तेच सांगितलं होतं.

तुम्हांला गॅलिलिओ माहीत आहे. त्यानं १६१० साली शनीकडे दुर्बीण रोखली तेव्हा त्याला शनी एकटा दिसला नाही, दोन्ही बाजूंना दोन गोळे चिकटल्यासारखे दिसले. त्यानं तसंच लिहून ठेवलं. त्याची दुर्बीण कमजोर होती, कडं वेगळं दिसण्याइतकी चांगली नव्हती. ती कडी आहे असं हॉयगेन्सनं १६५९ साली छापून सांगितलं. पण गॅलिलिओनं "ग्रह गोल असतो, मग मलाही गोलच दिसला" असं लिहिलं असतं, तर हॉयगेन्सला उलगडायला कोडंच उरलं नसतं.

आता हे शेपूट येतं कुठून ते बघू.

पुढच्या भिंगाला वस्तुभिंग म्हणतात. ताऱ्याचा प्रकाश त्याच्या सगळ्या भागातून आत येतो, मधूनही आणि कडेनंही, आणि मागं एका बिंदूत गोळा होतो. पण कधी? भिंग नळीला अगदी काटकोनात, समोरासमोर बसलं असेल तेव्हा. ते तिरकं झालं की मधल्या भागातला प्रकाश जवळजवळ सरळच जातो, कडेचा मात्र थोडा थोडा सरकून एका बाजूला पडतो. त्याचंच शेपूट दिसतं. या दोषाला 'कोमा' म्हणतात. धूमकेतूच्या डोक्याभोवती जे धुकं असतं, त्यालाही हेच नाव आहे.

आरशाच्या दुर्बिणीत ही कटकट रोजचीच. आरसा अर्धा अंश कलला तर परत येणारा प्रकाश पूर्ण एक अंश वळतो, दुप्पट! म्हणून आरसेवाले दर वेळी जुळवाजुळव करतातच. पुण्यात १८८८ साली प्राध्यापक कावसजी नायगमवालांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली होती, तिथली २० इंची मोठी दुर्बीण आरशाचीच होती. (१९१२ साली ती तिकडून कोडाईकनालला गेली.) भिंगाची दुर्बीण बिचारी सोशिक. थोडं कललं तरी चालवून घेते. म्हणूनच तिला कुणी तपासत नाही, आणि बिघडली की बघणाऱ्याच्या डोळ्याला दोष दिला जातो. माझ्यासारखाच!

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भाचीचा तंबोरा दुरुस्तीला टाकला होता, तो आणायला सकाळी मिरजेत गेलो. मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर जातात, हे तुम्हांला ठाऊक असेल. कारागीर तंबोरा जुळवून देत होते. मी बघत बसले. आधी खुंटी पिळून तार सुराच्या जवळ आणली, मग खालचा मणी केसभर सरकवून ती नेमकी सुरात बसवली. मग घोडीवर तारेखालचा दोरा किंचित हलवला आणि आवाज एकदम खुलला. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, ऐकायचं, मगच दुसरीला हात लावायचा. खुंटी आणि मणी दोन्ही एकदम फिरवले तर कशानं काय झालं ते कधी कळायचंच नाही. मी मनात म्हटलं, चला, आता आपला तंबोरा.

घरी आल्यावर बहिणीला म्हटलं, "त्या पोरीला बोलावून आण." ती आली, दारातच उभी राहिली. मी म्हटलं, "काल तुझंच बरोबर होतं. शेपूट होतं. ते काढायला मला तुझी मदत पाहिजे." ती लगेच आत आली आणि मांडी घालून बसली.

पहिल्यांदा संशयित कोण कोण ते ठरवलं. नेत्रिकेआधी जो तिरका आरसा असतो, मान न मोडता बघता यावं म्हणून, तो आधी काढून ठेवला. कधी कधी सगळा दोष त्याचाच असतो आणि आपण उगाच भिंगाचे स्क्रू पिळत बसतो. मग फोकसची नळी, म्हणजे चाक फिरवल्यावर आतबाहेर सरकते ती. ती मोठ्या नळीला तीन स्क्रूंनी धरलेली असते. पडल्यावर हीच वाकडी होते बहुतेक वेळा.

ती तपासायला आम्ही वस्तुभिंग त्याच्या कड्यासकट फिरवून बाहेर काढलं. लक्षात ठेवा, कड्यासकट! कड्यातून भिंग सुटं करायचं नाही. त्यात दोन वेगळ्या काचांची दोन भिंगं एकावर एक असतात, रंग फुटू नयेत म्हणून. ती उलटसुलट बसली किंवा एकमेकांवर फिरली की झालंच. पावसाळ्यात बुरशी आली म्हणून हौसेनं भिंग उघडणारे आणि नंतर डोक्याला हात लावणारे लोक मला माहीत आहेत. आईबाबांनो, हे तुमच्यासाठीही आहे बरं का! आणि भिंग पक्कं बसावं म्हणून वरची चकती करकचून आवळली, तर काच तीन जागी दाबली जाते आणि तारा तिकोनी दिसतो. चकती बोटांनी अलगद टेकेल इतकीच.

भिंग काढल्यावर नळीच्या तोंडावर दोन दोरे आडवे-उभे ताणून चिकटवले, बरोबर मध्यावर फुली येईल असे. मागं नेत्रिकेच्या जागी जाड कागदाची लांब सुरळी बसवली. सुरळीच्या आतल्या टोकाला अशीच दोऱ्यांची फुली, डोळ्याच्या टोकाला सुईनं पाडलेलं छिद्र. छिद्रातून बघायचं, जवळच्या फुलीमागं लांबची फुली लपली पाहिजे.

"लपत न्हाई," ती म्हणाली. "लांबची खाली गेलीय."

फोकसनळीचे तीन स्क्रू थोडे सैल केले. त्यांच्या भोकांत केसभर वाव असतोच. मी नळी धरून हळूच कलवत होते आणि ती सांगत होती, "अजून, अजून... बास!" स्क्रू परत आवळले. आवळताना फुली पुन्हा हलली, म्हणून पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी जमलं.

मग वस्तुभिंग परत बसवलं आणि ते समोरासमोर आहे का ते बघितलं. याला एक साधन लागतं, घरी करता येतं. जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची काळी प्लॅस्टिकची डबी आजोबांच्या कपाटात सापडली तर उत्तम. सव्वा इंची नेत्रिका जिथं बसते, तिथं ती बरोबर बसते. डबी अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवायची. तोंड भिंगाकडे. बुडाला मधोमध डोळ्यासाठी छोटं छिद्र. बाहेर राहणाऱ्या भागात बाजूला एक खिडकी कापायची आणि आत पांढऱ्या जाड कागदाचा तुकडा तिरका, ४५ अंशांत, चिकटवायचा. त्यालाही मध्यावर छिद्र पाहिजे. खिडकीतून बॅटरीचा उजेड पाडला की तो पांढऱ्या कागदावर पडून नळीत भिंगाकडे जातो. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर झाकण ठेवायचं आणि खोलीत अंधार करायचा. (बॅटरी साधीच घ्या. लेसरचा दिवा मुळीच नको, डोळा जाईल.)

आता छिद्रातून बघा. काच पारदर्शक असली तरी तिच्या प्रत्येक पृष्ठावरून थोडा उजेड परत येतो. म्हणून आत फिकट चकत्या दिसतात, दोन, तीन, कधी चार, प्रत्येकीच्या मध्ये काळा ठिपका. भिंग सरळ असेल तर सगळ्या चकत्या एकमेकींवर बसतात. आमच्या पाटावरच्या भाकरी मात्र घसरल्या होत्या! एकीवर दुसरी अर्धवट.

आमच्या भिंगाच्या कड्याला स्क्रूंच्या तीन जोड्या आहेत. प्रत्येक जोडीतला एक स्क्रू कड्याला ओढतो, दुसरा ढकलतो. म्हणून एक आवळण्याआधी दुसरा तेवढाच सैल करावा लागतो. नाहीतर आटे जातात. एका वेळी आठवा भाग फिरवायचा, जास्त नाही. कुठला स्क्रू कुठं फिरवायचा हे पाठ करण्यात अर्थ नाही. फिरवून बघा, बिघडलं तर उलटं फिरवा. मी फिरवत होते, ती बघत होती. दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत भाकरीवर भाकरी बसली. (६० मिलिमीटरच्या लहान दुर्बिणींना बहुधा हे स्क्रू नसतात. त्यांची फोकसनळी सरळ केली आणि कडं नीट घट्ट बसवलं की बरंच काम होतं.)

पण खरी परीक्षा ताऱ्याचीच. पुष्कळ इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं असतं, ध्रुवतारा घ्या, तो जागचा हलत नाही. त्या लोकांचा ध्रुव उंचावर असतो हो! आपल्या साताऱ्या-सांगलीकडे तो क्षितिजापासून फक्त १७-१८ अंशांवर. इतक्या खाली हवेचा जाड थर मध्ये येतो, तारा थरथरतो आणि त्याला लाल-निळी कडही येते. ती हवेची असते, पण आपण भिंगाला नावं ठेवतो. त्यापेक्षा डोक्यावरचा तारा घ्या. हिवाळ्यात ब्रह्महृदय किंवा रोहिणी, उन्हाळ्यात स्वाती. तो सरकेल, दर मिनिटाला जवळजवळ पाव अंश, पण मध्ये आणत राहायचं.

दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवली, खोलीतली ऊब जायला. मग ६ मिलिमीटरची नेत्रिका लावली. आमच्या दुर्बिणीला ती १५० पट मोठं दाखवते. ब्रह्महृदय बरोबर मध्यावर आणलं, कारण कडेला चांगल्या दुर्बिणीतही तारा थोडा वाकडा दिसतो. आणि मग चाक फिरवून फोकस मुद्दाम बिघडवला. तारा पसरून तबकडी झाली, तबकडीत कडी.

"काय दिसतं?"

"बांगड्या! एकीत एक."

"मध्ये आहेत का?"

ती गप्प राहिली. मी घाई केली नाही. "आतली थोडी वरच्या अंगाला सरकलीय. वरच्या अंगाला बांगड्या खेटल्यात."

दिवसा भाकरी बसल्या होत्या, तरी ताऱ्यावर उरलेली चूक दिसली. आता खेटलेली बाजू भिंगाची कुठली ते कसं ओळखायचं? मी भिंगासमोर बोट धरलं. तबकडीत बोटाची काळी सावली आली. ती सावली खेटलेल्या बांगड्यांवर येईपर्यंत बोट कडेकडेनं फिरवलं. जिथं बोट थांबलं त्याच्या जवळची स्क्रूची जोडी धरायची. अगदी थोडं फिरवलं. तारा उडी मारून बाजूला गेला, तो परत मध्यावर आणला. पुन्हा बघितलं. असं पाच-सहा वेळा. मण्यासारखं, केसभर, केसभर.

"बसल्या," ती म्हणाली.

मग फोकस केला. लहानसा टपोरा ठिपका आणि त्याभोवती एक नाजूक कडं, हवा थांबली की दिसणारं. शेपूट नाही.

तेवढ्यात शेजारचा सहावीतला मुलगा आला. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "मला अजून शेपूट दिसतंय." सगळे हसणार होते, पण आता मी शहाणी झाले होते. त्याला म्हटलं, "डोळा तिथंच ठेव आणि मान कलती कर. शेपूट जागच्या जागी राहतं का फिरतं?"

"फिरतंय! मान कलली की ते बी कलतंय."

तुमच्या ध्यानात आलं का? शेपूट डोक्याबरोबर फिरलं तर दोष डोळ्यात. डोकं स्थिर ठेवून नेत्रिका तिच्या जागी गोल फिरवली आणि शेपूट फिरलं, तर दोष नेत्रिकेत. दोन्हींनी हललं नाही तर तो पुढं, भिंगात किंवा नळीत. आदल्या रात्री मी हे दोन मिनिटांत करू शकले असते.

त्याच्या वडिलांना मी दुसऱ्या दिवशी भेटले. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, लांब जायला नको होतं. तपासणीत सिलिंडरचा नंबर निघाला. डोळ्याच्या पुढच्या पडद्याची गोलाई एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी असते, त्याचा हा चष्मा. तो पोरगा वर्षभर फळ्यावरचं ६ आणि ८ चुकवायचा, असं बहिणीनं नंतर सांगितलं. ज्यांचा नंबर साधा आहे त्यांनी दुर्बिणीत बघताना चष्मा काढून फोकस फिरवून घ्यावा. सिलिंडरवाल्यांनी मात्र चष्मा लावूनच बघायचं.

आणि मुलांनो, हे सगळं ताऱ्यांवर. सूर्याकडे दुर्बीण कधीच रोखायची नाही, जुळलेली असो वा नसो. दिवसा भिंग उन्हात उघडं ठेवायचंही नाही.

येताना दुर्बीण दोन गोधड्यांत, सुंभानं करकचून बांधून, मांडीवर घेऊन आणली. तरी कोरेगावला पोचल्यावर पहिल्या रात्री बांगड्या बघितल्याच. एक अगदी थोडी सरकली होती.

तुमच्या शाळेत दुर्बीण असेल तर आजच रात्री फोकस बिघडवून बघा. फोकसच्या आत एकदा, फोकसच्या बाहेर एकदा. जशा दिसतील तशा बांगड्या पेन्सिलीनं काढा आणि मला पाठवा. वाकड्या असतील तर वाकड्याच काढा.